वापरलेली कॅलिफोर्निया घेताय? माहीत असलेले दोष कसे तोलायचे, पायरी पायरीने

जर्मनीत स्थिरावलेल्या मराठी घरांमध्ये दोन-तीन वर्षांनी हा विषय हमखास निघतो: मुलं जरा मोठी झाली, हॉटेलांचा कंटाळा आला, एक कॅम्पर व्हॅन घ्यावी का? आणि कॅम्पर म्हटलं की पहिलं नाव येतं फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाचं. दहा-बारा वर्षं जुनी, दीड लाख किलोमीटर चाललेली गाडीसुद्धा तीस हजार युरोंच्या घरात जाते. एवढे पैसे मोजतोय म्हणजे गाडी भरवशाची असणार, असं आपण मनाशी धरून चालतो.

ही समजूत आधी सोडा. चढ्या किमतीमागे असतं ते वर उचलणारं छत, आतलं फर्निचर आणि बाजारातली मागणी. बॉनेटखालचं इंजिन मात्र सामान वाहणाऱ्या ट्रान्सपोर्टरमधलंच असतं आणि त्या इंजिनाचे दोष जगजाहीर आहेत. ते जगजाहीर आहेत हीच आपल्या फायद्याची बाजू. जो दोष ओळखता येतो, कागदावर तपासता येतो आणि ज्याची किंमत काढता येते, त्याला घाबरून चांगली गाडी सोडायची गरज नाही. आम्ही या सगळ्यातून गेलोय. तुमचा वेळ वाचावा म्हणून ते क्रमानं मांडतेय. लेखात मुख्यतः टी५ आणि टी६ पिढ्यांबद्दल आहे, कारण वापरलेल्या बाजारात त्याच जास्त दिसतात.

१. आधी इंजिनाचा कोड बघा, मग रंग आणि पडदे

‘कॅलिफोर्निया भरवशाची आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या सालातली, कोणत्या इंजिनाची, हे कळलं तरच बोलता येतं.

टी५ आली २००३ मध्ये. २००९ च्या शरद ऋतूत तिचं मोठं नूतनीकरण झालं, २०१५ मध्ये टी६ आली आणि २०१९ मध्ये टी६.१. २००९ पर्यंतच्या बऱ्याच टी५ मध्ये २.५ लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, १३० किंवा १७४ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). आवाज भारदस्त, ताकद चांगली. पण कॅमशाफ्ट झिजणं आणि वॉटर पंपमधून कूलंट इंजिन ऑइलमध्ये उतरणं हे त्याचे दोन ठरलेले आजार. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, सगळं गिअरवर चालतं. ‘बेल्टचा खर्चच नाही’ असं विकणारा सांगतो ते खरं आहे, पण कॅमशाफ्टबद्दलही तेवढ्याच स्पष्टपणे विचारा.

२००९ नंतर २ लिटरची चार सिलिंडरची डिझेल इंजिनं आली. त्यातलं १४० पीएसचं (कोड सीएएसी) साधं, एका टर्बोचं. १८० पीएसचं (कोड सीएफसीए) दोन टर्बोंचं, म्हणजे बायटीडीआय. या लेखाचा बराचसा भाग या दुसऱ्याबद्दल आहे. टी६ मध्ये १५० पीएसचं एक टर्बोवालं आणि २०४ पीएसचं दोन टर्बोवालं (कोड सीएक्सईबी) इंजिन येतं. २०४ पीएसच्याही काही गाड्या जास्त ऑइल पितात अशा तक्रारी आहेत, तेव्हा ‘टी६ आहे, आता काळजी नाही’ असं धरून चालू नका.

जाहिरातीत कोड लिहिलेला नसतो. विकणाऱ्याकडून फारत्सॉयगशाइनचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा, फोटो मागवा. ‘बी’ रकान्यात पहिल्या नोंदणीची तारीख असते आणि ‘पी.२’ मध्ये किलोवॅट. १०३ म्हणजे १४० पीएस, १३२ म्हणजे १८०, १५० म्हणजे २०४. इंजिनाचा कोड सर्व्हिस बुकमध्ये चिकटवलेल्या लेबलवर सापडतो. फोनवरच हे विचारून घेतलंत तर निम्म्या गाड्या बघायला जायचे कष्ट वाचतील.

२. सीएफसीएचा आजार नीट समजून घ्या

धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून डिझेल इंजिन थोडा धूर परत सिलिंडरमध्ये घेतं. हा धूर तापलेला असतो, त्यामुळे वाटेत एका कूलरमधून थंड होऊन जातो. जर्मन गॅरेजमध्ये त्याला ‘आगेएर क्यूलर’ म्हणतात, इंग्रजीत ईजीआर कूलर. सीएफसीए इंजिनांमध्ये हा कूलर आतून खराब होतो. धुरातल्या आम्लयुक्त ओलाव्यानं त्याचा आतला भाग झिजतो आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण सुटतात. ते हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये जातात. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे पॉलिश पेपरवरची खर. सिलिंडरच्या भिंती घासल्या जातात, पिस्टन रिंगांची पकड सुटते आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. आधी हजार किलोमीटरला पाव लिटर, मग अर्धा, मग एक. चालकाला यातलं फारसं काही जाणवत नाही, कारण गाडी छान पळत असते. ऑइलचा दिवा लागला की डबा आणून ओतायचा, एवढंच. हे बहुतेक वेळा लाखभर किलोमीटरच्या आगेमागे लक्षात येतं, आणि तोवर इंजिन बदलणं किंवा उघडून नव्यानं बांधणं एवढाच मार्ग उरलेला असतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो खर्च दहा हजार युरोंच्या पुढे जातो.

पुढे कूलरची सुधारित आवृत्ती आली. म्हणून १८० पीएसच्या गाडीबाबत खरा प्रश्न एकच: कूलर कधी बदलला आणि कोणता बसवला? बिलावर भाग क्रमांक असतो आणि आवृत्ती त्याच्या शेवटच्या अक्षरांवरून कळते. बिलाचा फोटो घेऊन फोक्सवॅगनच्या पार्ट्स काउंटरवर जा. हा क्रमांक सध्याच्या आवृत्तीचा आहे की जुन्या, हे तिथे सांगतात.

इथला सगळ्यात मोठा सापळा ‘इंजिन नवीन टाकलंय’ या वाक्यात आहे. इंजिन नवीन, पण कूलर जुनाच ठेवला असेल तर तेच कण नव्या सिलिंडरमध्ये जाणार आणि गाडी पुन्हा त्याच वाटेनं जाणार. इंजिन बदललेल्या गाडीच्या बिलात तीन गोष्टी शोधा: नवा कूलर, इनटेक आणि इंटरकूलरची सफाई किंवा बदली, आणि इंजिन नेमकं कोणत्या प्रकारचं. कंपनीचं आउसटाउशमोटोर (बदली इंजिन), खासगी कारखान्यात नव्यानं बांधलेलं आणि भंगारातल्या गाडीतून काढलेलं, या तिन्हींना विकणारे ‘नवीन’च म्हणतात.

३. आकडेवारी वाचताना

दरवर्षी ट्युफचा (गाड्यांची सक्तीची तपासणी करणारी संस्था) अहवाल येतो, एडीएसीची (वाहनचालकांची संघटना) रस्त्यावरच्या बिघाडांची आकडेवारी येते. दोन्ही वाचण्यासारख्या आहेत, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही. ट्युफचा अहवाल ठरावीक तपासणीत सापडलेले दोष मोजतो: ब्रेक, सस्पेन्शन, दिवे, ऑइलची गळती. एडीएसी मोजतं ते रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या. हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल पिणारी गाडी तपासणीत पास होते आणि रस्त्यात बंदही पडत नाही. ताजी तपासणी झालेली गाडी म्हणजे निरोगी गाडी, हा निष्कर्ष त्यामुळे काढू नका.

ओळखीच्यांच्या अनुभवांबाबतही तेच. इंजिन गेलेला माणूस दहा जणांना सांगतो, ज्याची गाडी नीट चालतेय तो काहीच बोलत नाही. कुणी काही सांगितलं तर इंजिन कोड, किलोमीटर आणि कूलरचं बिल या तीन गोष्टी विचारा. त्या नसतील तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

४. कागदपत्रं

बघायला जाण्याआधी फोटो मागवायचे आणि समोर मूळ कागद बघायचे:

- फारत्सॉयगशाइन आणि फारत्सॉयगब्रीफ (गाडीच्या मालकीचा कागद). ब्रीफ बँकेकडे गहाण असेल तर ती कशी सुटणार हे आधी लेखी ठरवा.
- सर्व्हिस बुक. अलीकडच्या गाड्यांची नोंद डिजिटल असते, तिचं प्रिंटआउट मालकाला वर्कशॉपमधून मिळतं.
- दुरुस्त्यांची बिलं. सर्व्हिस बुकातला शिक्का ‘काम झालं’ एवढंच सांगतो, कोणता भाग बसवला ते बिल सांगतं.
- ऑइल बदलल्याच्या तारखा आणि किलोमीटर. लाँगलाइफ पद्धतीत दोन वर्षांपर्यंत तेच ऑइल चालवतात. मला स्वतःला दरवर्षी ऑइल बदललेली गाडी आवडते.
- टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपचं बिल (२ लिटरच्या डिझेलसाठी).
- डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर त्याचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलल्याचा पुरावा. हा सात गिअरांचा बॉक्स दणकट आहे, पण ऑइलची हेळसांड त्याला चालत नाही.
- शेवटच्या ट्युफ तपासणीचा अहवाल आणि गॅसच्या तपासणीचं पुस्तक. गॅस तपासणी जून २०२५ पासून दर दोन वर्षांनी सक्तीची झाली आहे.
- छताचं काही काम झालं असेल तर त्याचे कागद आणि फोटो.

विकणारा म्हणाला, ‘बिलं घरात कुठेतरी आहेत, नंतर पाठवतो,’ तर ती येईपर्यंत एक युरोही आगाऊ देऊ नका.

५. गाडी बघायला जाताना

सोबत न्या: टॉर्च, पांढरा कागदी रुमाल, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा), रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि शक्य असेल तर यातलं कळणारा कुणी. जाडीचं यंत्र ॲल्युमिनियमवर चालणारं हवं, साधं स्वस्त यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं.

भेट ठरवतानाच सांगा: इंजिन थंड हवं, आम्ही येण्याआधी सुरू करू नका. आम्ही एका डीलरकडे पोचलो तेव्हा बॉनेट हाताला गरम लागत होतं. ‘जागा बदलायला सुरू केली होती,’ असं उत्तर मिळालं. तसंही असेल, पण थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर आम्हाला बघायला मिळाला नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. तुम्हीही तसंच करा, संकोच बाळगू नका.

डिपस्टिक काढा, रुमालावर पुसा, परत घालून पातळी बघा. पातळी खालच्या खुणेला टेकली असेल तर सरळ विचारा: शेवटचं टॉपअप कधी? डिझेलमध्ये ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. ते मधासारखं स्वच्छ दिसत असेल तर विक्रीच्या तोंडावर बदललंय. त्यात वावगं काही नाही, पण मग ऑइलवरून काहीच अंदाज बांधता येत नाही. डिकीत ऑइलचा अर्धा डबा आहे का, हेही बघा. सायलेन्सरचा पाइप बघून फारसं कळत नाही, पार्टिकल फिल्टर (धुरातली काजळी पकडणारा) सगळं अडवतो.

चाचणीसाठी किमान अर्धा तास हवा, त्यातला काही वेळ आउटोबानवर. ओबीडीनं जुने एरर कोड वाचा. नुकतेच पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा.

गाडी आवडली तर दीडशे-दोनशे युरो खर्चून एडीएसी किंवा डेक्राकडे वापरलेल्या गाडीची तपासणी करून घ्या. तपासनिसाला आधीच सांगा: छत, आगेएर कूलर, खालच्या एसी पाइपांची गंज. नाहीतर तो नेहमीची यादी तपासून मोकळा होतो.

६. छत आणि राहण्याचा भाग

वर उचलणारं छत ॲल्युमिनियमचं आहे आणि कडांना रंगाखाली गंजणं हा टी५ चा दुसरा प्रसिद्ध दोष. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही. आधी रंगाला तांदळाएवढे फुगवटे येतात, मग रंग फुटून आत पांढरी भुकटी दिसते. छत वर करा, आत चढा आणि टॉर्च कडेला आडवी धरा. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणारा पत्रा आडव्या उजेडात लगेच बोलतो. पुढची कड, रबराच्या सीलला टेकणारा भाग आणि बाजूच्या पट्ट्यांची टोकं इथे बोट फिरवून बघा. नुकतंच रंगवलेलं छत असेल तर जाडी मोजा आणि काम कुणी, कधी केलं त्याचं बिल मागा. वरवर घासून रंगवलेलं फार टिकत नाही. छत बदलायचं तर रंगकामासकट काही हजार युरो लागतात. कंपनीची गंजून आरपार भोक पडण्याविरुद्धची बारा वर्षांची हमी असते. फुगवटे तिच्यात बसतात की नाही, हे त्या त्या गाडीच्या कागदांवर आणि वर्कशॉपच्या अहवालावर ठरतं. म्हणून गाडी बारा वर्षांच्या आतली असेल तर छताची वार्षिक तपासणी नोंदवलेली आहे का ते आवर्जून बघा.

छत विजेवर चालणारं असेल तर दोनदा वर-खाली करून बघा. मध्येच थांबत असेल किंवा एक बाजू मागे राहत असेल तर हायड्रॉलिकमध्ये काहीतरी आहे. पंप बंद पडला तर छत हातानं खाली आणायची सोय असते, ती कुठे आहे हे मालकाकडून दाखवून घ्या. इटलीतल्या एखाद्या कॅम्पिंगवर पावसात मॅन्युअल चाळायची वेळ येऊ नये.

कापडी भिंतीच्या घड्यांवर बुरशी आणि झिजलेल्या जागा बघा. फ्रिज लावून ठेवा आणि तासाभरानं हात घालून बघा. डिझेलवरचा हीटर उन्हाळ्यातही दहा मिनिटं चालवा, बरेच दिवस न वापरलेला हीटर काजळी धरतो. पाण्याची टाकी, नळ, दोन्ही सहायक बॅटऱ्या, शेगडी. ही दुरुस्ती शेकड्यांत होते, हजारांत नाही. तेव्हा तिच्यावर घासाघीस करण्यात इंजिनाचं बोलणं मागे पडू देऊ नका.

७. दोषाची किंमत काढा

मन गाडीत गुंतण्याआधी हा हिशेब कागदावर करा. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गाड्यांचे आकडे घाला.

पहिली गाडी: १८० पीएस, १,४५,००० किलोमीटर, मूळ इंजिन, कूलरचा कागद नाही, ऑइल किती लागतं हे मालकाला माहीत नाही. मागणी २९,००० युरो.
दुसरी: १४० पीएस, १,८०,००० किलोमीटर, सर्व्हिस पूर्ण, टायमिंग बेल्ट लवकरच. मागणी ३१,०००.
तिसरी: १८० पीएस, १,२०,००० किलोमीटरला कंपनीचं बदली इंजिन आणि नवा कूलर, बिलांसह. मागणी ३४,०००.

पहिलीच्या इंजिनाचं काम १२,००० धरा आणि ते निघण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे सरासरी ४,००० चा बोजा. कूलर तर घेतल्याबरोबर बदलायला हवा, त्याचे १,५००. २९ हजारांची गाडी ३४,५०० वर गेली. दुसरीत बेल्ट आणि पंपाचे १,२०० मिळवा, ३२,२०० झाले. तिसरी आहे तिथेच आहे. सगळ्यात स्वस्त दिसणारी गाडी सगळ्यात महाग निघाली.

शक्यतेचा आकडा कुठून आणायचा? तो कुणीही छापून देत नाही, तुम्हालाच ठरवावा लागतो. तो प्रामाणिकपणे ठरवा आणि कागद नसतील तर वर न्या. मालकानं ऑइलची नोंद ठेवली असेल तर खाली आणा.

आणखी एक गोष्ट या सरासरीत दिसत नाही. ४,००० ही सरासरी आहे, प्रत्यक्षात तुम्हाला चार हजारांचं बिल कधीच येणार नाही. एक तर शून्य, नाहीतर एकदम बारा. ते बारा हजार एका महिन्यात उभे राहतील का? नसतील राहत, तर पहिली गाडी कितीही खाली उतरली तरी ती तुमच्यासाठी नाही. घराचा हप्ता, भारतात पाठवायचे पैसे, वर्षातून एकदाची तिकिटं हे सगळं चालू असताना राखीव रक्कम वेगळी ठेवता येते का, ते घरात बसून बोला. माझ्या मते ७,००० युरो बाजूला ठेवता येत नसतील तर दोन टर्बोवाल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. १४० पीएसची घाटात सावकाश चढते, पण चढते.

आम्ही तिसऱ्या प्रकारातली घेतली. आल्प्समध्ये चौघं आणि सामान घेऊन जायचं होतं आणि कागद चोख होते.

दुसऱ्या कंपन्यांकडे वळलात तरी हाच हिशेब लागू आहे, फक्त दोषाचं नाव बदलतं. फोर्ड नगेटच्या २ लिटर इकोब्लू इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये फिरतो. तो झिजला की त्याचे तुकडे ऑइलच्या वाटा अडवतात. २००६ नंतरच्या सुरुवातीच्या फियाट डुकॅटोत रिव्हर्स घेताना गाडी थरथरायची आणि काचेखालून पाणी इंजिनावर ठिबकायचं. निर्दोष कॅम्पर बाजारात नाही.

८. डीलर की खासगी विक्रेता, आणि करारात काय लिहायचं

डीलरकडून घेतलेल्या गाडीवर कायद्यानं दोषांची जबाबदारी येते. वापरलेल्या गाडीसाठी ती दोनाऐवजी एका वर्षावर आणता येते, पण ते वेगळं आणि ठळकपणे ठरवावं लागतं. १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं मानलं जातं. तसं नव्हतं हे डीलरनं सिद्ध करायचं. बारा हजारांच्या जोखमीपुढे हे संरक्षण मोठं आहे आणि त्यासाठी डीलरकडे थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

पळवाट अशी असते: गाडी डीलरच्या आवारात उभी, पण करारावर विकणारा म्हणून कुणा खासगी माणसाचं नाव, ‘इम कुंडेनआउफत्राग’ (ग्राहकाच्या वतीनं) असं लिहिलेलं. मग ती खासगी विक्री ठरते. ‘फक्त व्यावसायिकांना किंवा निर्यातीसाठी’ असं जाहिरातीत दिसलं तर पुढचं पान उघडा.

खासगी विक्रेता सगळी जबाबदारी नाकारू शकतो आणि बहुतेक जण नाकारतातच. तरीही करारात जी गोष्ट गुणधर्म म्हणून स्पष्ट लिहिली, तिला हा नकार लागू होत नाही. म्हणून एडीएसीचा करारनामा वापरा आणि त्यात ही वाक्यं घाला: इंजिन अमुक किलोमीटरला बदललं, कूलर अमुक क्रमांकाचा, ऑइलचा खप हजार किलोमीटरला अमुकपेक्षा जास्त नाही, अपघात नाही. इथे ‘झोवाइट बेकांट’ हे दोन शब्द कोण आणतं त्यावर लक्ष ठेवा. म्हणजे ‘माझ्या माहितीप्रमाणे’. हे शब्द आले की हमी राहत नाही, फक्त माहिती उरते. ऑइलच्या वाक्यावर सही करायला विकणारा कचरला तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

डीलर जोडून देतो ती ‘गॅरंटी’ बहुधा विमा असतो. किलोमीटर वाढले की सुट्या भागांचा परतावा टक्क्यांनी घटत जातो. लाखाच्या पुढच्या गाडीला किती टक्के, ते तक्त्यात बोट ठेवून विचारा. कूलर आणि ऑइलचा जास्त खप वगळलेत का, तेही.

९. घेतल्यावर: ऑइलची वही

गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात हे सुरू करा. खर्च एका वहीचा.

इंजिन गरम असताना गाडी सपाट जागी उभी करा, बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. दर वेळी त्याच जागी मोजलं तर उत्तम, कारण जमीन किंचित उतरती असली तरी डिपस्टिक वेगळं सांगते. पातळीचा फोटो काढा, सोबत किलोमीटरचा फोटो. टॉपअप करताना ऑइलचा डबा ओतण्याआधी आणि ओतल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. लिटरभर ऑइलचं वजन साधारण ८५० ग्रॅम भरतं. म्हणजे ४२५ ग्रॅम कमी झाले तर अर्धा लिटर गेलं. डब्यावरच्या रेषांपेक्षा हे कितीतरी अचूक आहे. ऑइल फोक्सवॅगनच्या ५०७ ०० या मानकाचंच घ्या, पार्टिकल फिल्टरसाठी ते लागतं.

एका आकड्यावरून घाबरू नका. बघायचा तो कल. सहा-सात हजार किलोमीटर खप स्थिर राहिला तर बरं. दर वेळी वाढतोय असं दिसलं तर वर्कशॉपकडून अधिकृत ऑइल खप मोजणी करून घ्या. ते पातळी ठरवून सील लावतात, ठरावीक अंतर चालवायला सांगतात आणि परत मोजतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत खपाची मर्यादा दिलेली असते, तिच्याशी तुलना होते.

दोन टर्बोवाली गाडी असेल तर दर बदलाच्या वेळी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचीही माझी शिफारस आहे. पाठवायचं किट दोन आकडी युरोंत मिळतं. अहवालात ॲल्युमिनियम आणि लोखंडाचे आकडे बघा. डिपस्टिकवर काही दिसायच्या आधी ॲल्युमिनियम चढायला लागतं आणि कूलर बदलायची वेळ हातात राहते.

१०. तरीही बिघडलीच तर

डीलरकडून घेऊन वर्ष झालं नसेल तर स्वतः दुरुस्ती करून बिल पाठवू नका. आधी डीलरला लेखी कळवा, दुरुस्तीची संधी आणि मुदत द्या. परस्पर दुरुस्ती केली तर हक्क हातचा जाऊ शकतो. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा.

कायदेशीर मुदत संपली असेल तर ‘कुलांझ’ मागता येतं, म्हणजे कंपनीनं स्वखुशीनं उचललेला खर्चाचा वाटा. तो हक्क नाही. गाडीचं वय, किलोमीटर आणि अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिसची सलगता यांवर बरंच अवलंबून असतं. अर्ज वर्कशॉपमार्फत जातो, म्हणून ज्या वर्कशॉपमध्ये तुम्हाला ओळखतात तिथूनच करा. सोबत वहीची पानं, मोजणीचा अहवाल आणि सगळी बिलं जोडा. पहिला नकार आला तर थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला पत्र लिहा. भाग आणि मजुरी यांचे टक्के वेगवेगळे ठरतात, तेव्हा उत्तरात दोन्ही आकडे स्पष्ट मागा. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा विमा काढलेला आहे का ते बघा. तो वाद सुरू व्हायच्या आधी, प्रतीक्षेचा काळ (विमा लागू होण्याआधीची मुदत) धरून घेतलेला असावा लागतो. गाडीच्या विम्याबरोबरच तो काढून ठेवा.